जिंकणारं गिऱ्हाईक कोणाला हवं?

समजा, आज बास्केटबॉलमध्ये बोस्टन सेल्टिक्सची वॉशिंग्टन विझार्ड्सशी गाठ आहे आणि विझार्ड्सचा हंगाम वाईट चालला आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका माणसाच्या फोनवर सट्ट्याची तीन कायदेशीर अ‍ॅप आहेत. पहिल्यावर सेल्टिक्सपुढे -९.५ आणि -११० असे दोन आकडे दिसतात. दुसऱ्यावर -९.५ आणि -१०५. तिसऱ्यावर -९ आणि -११२. सामना एकच, वेळ तीच, दुकानं तीन आणि भावही तीन. बास्केटबॉलवर पैसे लावायला कोणतं अ‍ॅप बरं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या सहा आकड्यांत आहे. गंमत अशी की जाहिरातीत यातला एकही आकडा सापडत नाही. तिथे असतो एखादा निवृत्त खेळाडू, एखादा विनोदी नट, आणि पाच डॉलर लावून दोनशे मिळवण्याचं आमंत्रण.

यातला पहिला आकडा म्हणजे स्प्रेड. सेल्टिक्सच्या गुणांतून साडेनऊ वजा करायचे आणि मग कोण पुढे राहतं ते पाहायचं. सेल्टिक्स दहा किंवा त्याहून जास्त गुणांनी जिंकले तर त्यांच्यावर लावणाऱ्याची पैज लागली. नवाच्या फरकाने जिंकले तर मैदानात जल्लोष आणि लावणाऱ्याच्या घरी सुतक. अर्धा गुण घालतात तो बरोबरीचा घोळ टाळण्यासाठी. तिसऱ्या अ‍ॅपवर तो अर्धा गुण नाही, म्हणून तिथे बरोबर नवाचा फरक पडला तर पैसे जसेच्या तसे परत मिळतात. दुसरा आकडा किमतीचा. -११० म्हणजे १०० डॉलर जिंकायचे तर ११० डॉलर पणाला लावायचे. वरचे दहा डॉलर ही दुकानाची कमाई, आणि अमेरिकन सट्ट्यात तिला ‘विग’ किंवा ‘ज्यूस’ म्हणतात.

स्प्रेड येण्याआधी बुकींची बास्केटबॉलमध्ये पंचाईत व्हायची. कॉलेजांच्या सामन्यांत एक बाजू इतकी वरचढ असायची की दुसऱ्या बाजूला कितीही चढा भाव दिला तरी गिऱ्हाईक फिरकत नसे. १९४०च्या दशकात शिकागोच्या चार्ल्स मॅकनीलनं यावर तोड काढली, असं सहसा मानलं जातं. हा गृहस्थ कधी गणिताचा शिक्षक, कधी रोख्यांचा विश्लेषक. सट्ट्यात तो इतका जिंकू लागला की बुकींनी त्याच्या पैजांवर मर्यादा घातली आणि मग त्यानं स्वतःचंच दुकान थाटलं, असं त्याच्याबद्दल सांगतात. कोण जिंकेल याऐवजी किती गुणांनी जिंकेल, हा प्रश्न त्यानं विकायला काढला. एका फटक्यात सगळे एकतर्फी सामने पैज लावण्याजोगे झाले. जिंकणाऱ्याला दुकानाबाहेर काढण्याची रीत या धंद्याइतकीच जुनी आहे, हे मॅकनीलच्या गोष्टीतलं लक्षात ठेवण्याजोगं कलम. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

पुस्तकात बुकीचं जे चित्र रंगवतात ते मार्केट यार्डातल्या अडत्याचं असतं: माल कोणाचा गेला, कोणी घेतला याच्याशी त्याला कर्तव्य नाही, त्याची अडत सुटली की झालं. दोन्ही बाजूंना सारखे पैसे लागावेत म्हणून तो स्प्रेड इकडेतिकडे सरकवतो आणि मधली अडत खिशात घालतो. हे चित्र अर्धवट खरं आहे. आजची मोठी कंपनी तराजू समतोल ठेवायच्या फार फंदात पडत नाही. एखादा स्प्रेड बरोबर आहे अशी तिची खात्री असेल तर ती एका बाजूला पैशांचा ढीग पडू देते आणि हौशी गिऱ्हाइकांविरुद्ध स्वतःच पैज खेळते. तिला ढिगाची भीती कधीच नसते. ढिगात एखादा जाणकार घुसला आहे का, एवढंच ती पाहत असते.

आता -११० आणि -१०५ मधला फरक. पाच डॉलरचा तर प्रश्न, असं वाटतं. एखाद्यानं हंगामभरात हजार पैजा लावल्या, प्रत्येक १०० डॉलर जिंकण्यासाठी, आणि त्यातल्या ५२० लागल्या असं धरू. बावन्न टक्के अंदाज बरोबर येणं ही स्प्रेडच्या सट्ट्यात कमी कामगिरी नाही. -११०च्या दुकानात तो ५२,००० जिंकतो आणि ४८० वेळा ११० गमावून ५२,८०० घालवतो. म्हणजे अक्कल सरस असूनही ८०० डॉलरचा खड्डा. तोच माणूस, त्याच पैजा, दुकान -१०५चं: घालवलेले ५०,४००, हाती १,६०० डॉलर. -११० भावात नुसतं बरोबरीवर राहायला ५२.३८ टक्के पैजा लागाव्या लागतात. -१०५ भावात ५१.२२ टक्के पुरतात. या टक्काभराच्या पट्टीत अमेरिकेतल्या बऱ्याच स्वयंघोषित पंडितांचं नशीब ठरतं. म्हणून जे या खेळात पोट भरतात ते एका अ‍ॅपचे भक्त नसतात. त्यांची खाती अनेक ठिकाणी असतात आणि पैज लावायच्या आधी ते भाजी घेणाऱ्या बाईइतक्याच चिकाटीनं चार ठिकाणी भाव विचारतात.

अर्ध्या गुणाची किंमत मात्र खेळागणिक बदलते. अमेरिकन फुटबॉलमध्ये निकाल तीन आणि सात गुणांच्या फरकावर वारंवार येऊन बसतात, कारण तिथे गुण तीन-तीन, सात-सातच्या टप्प्यांत मिळतात. तिथे तीनच्या आसपासचा अर्धा गुण सोन्याच्या मोलाचा. बास्केटबॉलमध्ये एक, दोन, तीन अशा बारक्या टप्प्यांनी दोनशेच्या वर गुण होतात, फरक सगळीकडे पसरतात आणि कोणताही एक आकडा तितका वजनदार ठरत नाही. त्यामुळे जादा पैसे घेऊन अर्धा गुण विकणारं अ‍ॅप बास्केटबॉलमध्ये सहसा महागच पडतं. याउलट वेळेचं मोल इथे जास्त. एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगच्या नियमित हंगामात ३० संघ प्रत्येकी ८२ सामने खेळतात, म्हणजे एकूण १,२३०. लागोपाठ दोन रात्री सामने येतात, आणि मोठ्या खेळाडूला ऐन वेळी विश्रांती दिली जाते. पाच जणांच्या खेळात एक माणूस बाहेर बसला की स्प्रेड चार-पाच गुणांनी हलू शकतो. ती बातमी आली की कोणतं दुकान भाव आधी बदलतं आणि कोणतं मागून, हे पाहिलं की भाव ठरवणारं कोण आणि त्याची नक्कल करणारं कोण, ते आपोआप कळतं.

नक्कल न करता विचार करणारा एक माणूस होऊन गेला, किंवा आहे, त्याच्याविषयी थोडं थांबून सांगायला हवं. हारालाबोस वुल्गारिस हा कॅनडातल्या विनिपेगचा. १९९९-२००० च्या हंगामात त्यानं लॉस एंजेलिस लेकर्स अजिंक्य ठरतील यावर साडेसहास एक या भावानं ८०,००० डॉलर लावले, आणि लेकर्स जिंकले. पण त्याचं खरं कसब या एका मोठ्या पैजेत नव्हतं. बुकी संपूर्ण सामन्यात मिळून किती गुण होतील याचा अंदाज काढत, आणि पूर्वार्ध-उत्तरार्धाचे वेगळे भाव द्यायचे तर त्या आकड्याचे सरळ दोन तुकडे करत, हे त्यानं हेरलं. बास्केटबॉलचा सामना असा मधोमध चिरला जात नाही. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो, घड्याळ थांबतं, फ्री थ्रोंची रांग लागते, आणि गुणांचा पाऊस पडतो. बरोबरी झाली तर जादा वेळेचे गुणही उत्तरार्धाच्याच खात्यात. कोणता प्रशिक्षक हे फाउल लवकर सुरू करायला सांगतो आणि कोणता हार मानून घड्याळ वाहू देतो, हेही त्यानं टिपून ठेवलं. बुकींना चूक उमगेपर्यंत वुल्गारिसनं या एका फटीतून भरपूर पैसा काढला. फट बुजल्यावर त्याचे काही वाईट दिवस आले, मग त्यानं संगणकावर सामन्याचं प्रतिरूप उभं करणारा प्रोग्राम बांधून घेतला. २०१८मध्ये डॅलस मॅव्हरिक्स संघानंच त्याला नोकरीवर घेतलं.

आज असा माणूस बहुतेक अ‍ॅपवर किती दिवस टिकेल? फार नाही. इथे आपण मॅकनीलपाशी परत येतो. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९२चा केंद्रीय कायदा रद्द केला आणि क्रीडा सट्ट्याला परवानगी द्यायची की नाही हे राज्यांवर सोडलं. लढणारं राज्य होतं न्यू जर्सी, आणि रद्द झालेल्या कायद्याच्या मागे उभे राहिलेले सिनेटर बिल ब्रॅडली त्याच राज्याचे, न्यूयॉर्क निक्सचे जुने खेळाडू. आता चाळीसच्या घरात राज्यांत हा धंदा कायदेशीर आहे. पण परवाना घेतलेल्या कंपनीनं प्रत्येकाची पैज घेतलीच पाहिजे, असं बंधन बहुतेक ठिकाणी नाही. एखादं खातं सतत जाणतेपणानं खेळतंय असा संशय आला की त्याची मर्यादा उतरवली जाते: काल हजार डॉलर लावू दिले, आज बारा डॉलर सदतीस सेंट. हा असा विचित्र सुटा आकडा पडद्यावर येतो तो संगणकानं काढलेला असतो.

आणि मर्यादा घालण्यासाठी तुम्ही जिंकलेलंच असायला हवं असं नाही. कंपन्या पाहतात ते हे की तुम्ही लावलेला भाव सामना सुरू होताना कुठे गेला. तुम्ही सकाळी सेल्टिक्स -८ वर घेतलंत आणि संध्याकाळी तोच स्प्रेड -९.५ झाला, असं वारंवार घडलं, तर तुम्ही पैजा हरत असलात तरी तुम्हाला बाजाराआधी काहीतरी कळतं, हे त्यांना पुरतं समजतं. उलट कित्येक महिने नशिबानं जिंकणारा हौशी माणूस त्यांना चालतो. तो पैसे परत आणून देणार याची त्यांना खात्री असते. ड्राफ्टकिंग्ज या सट्टा कंपनीचे मुख्य अधिकारी जेसन रॉबिन्स यांनी नफ्यासाठी खेळणारे आपल्याला नको आहेत, हा करमणुकीचा व्यवसाय आहे, अशी भूमिका जाहीरपणे मांडली होती. मला ही कबुली आवडते, निदान ती सरळ आहे. मॅसॅच्युसेट्सच्या गेमिंग आयोगानं २०२४मध्ये या मर्यादांवर चर्चा बोलावली तेव्हा मेच्या बैठकीला बहुतेक कंपन्या फिरकल्याच नाहीत, सप्टेंबरात आल्या.

दुसऱ्या रीतीची दुकानंही आहेत. १९९८मध्ये कुरासावात सुरू झालेली पिनॅकल ही कंपनी कमी अडत, मोठ्या मर्यादा आणि जिंकणाऱ्यांना मज्जाव नाही, या तत्त्वावर चालते. तिचा हिशेब चलाख आहे: जाणकारानं लावलेली पैज ही तिच्या दृष्टीनं विकत घेतलेली माहिती असते, त्यावरून ती भाव सुधारते आणि सुधारलेला भाव बाकीच्यांना विकते. अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी मात्र तिनं २००७च्या सुरुवातीलाच दार बंद केलं. लास वेगसमध्ये सर्का नावाचं कॅसिनो याच वळणावर चालतं. अशा ठिकाणी स्वागताचं बक्षीस सहसा नसतं, आणि ज्याला दुकानाची पारख करायची आहे त्यानं याच गोष्टीकडे पाहावं. बक्षीस देणाऱ्यानं ते कुठून वसूल करायचं हे आधी ठरवलेलं असतं.

बक्षिसाचा हिशेब मांडून पाहू. कायदेशीर अ‍ॅप ‘१०० डॉलरची बोनस बेट’ देतं तेव्हा जिंकल्यावर मूळ १०० परत मिळत नाहीत, फक्त वरचा नफा मिळतो. -११० भावात लावली तर नफा जेमतेम ९१ डॉलर, आणि ती लागण्याची शक्यता निम्मी. म्हणजे शंभराच्या नोटेचं खरं मोल पंचेचाळीसच्या आसपास. ‘जोखीममुक्त’ हा शब्द जाहिरातीत वापरू नये असं खुद्द या धंद्याच्या अमेरिकन गेमिंग असोसिएशन या संघटनेनं मार्च २०२३मध्ये आपल्या संहितेत घातलं, यावरून तो शब्द किती खरा होता ते समजावं. परदेशी, विनापरवाना संकेतस्थळांची तऱ्हा आणखी न्यारी. ५०० भरा, ५०० वर देतो, पण दोन्ही मिळून दहापट उलाढाल केल्याशिवाय काढता येणार नाहीत. दहा हजारांच्या पैजा -११० भावात खेळल्या की सरासरीनं ४५५ डॉलर अडतीतच जातात. बक्षीस दिलं ५००, वसूल झाले ४५५, आणि तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाला खेळायची सवय लागली ती वेगळीच.

पण कंपन्यांची खरी दुभती म्हैस आहे पार्ले. अनेक पैजा एकत्र बांधायच्या, सगळ्या लागल्या तर मोठं घबाड, एक चुकली की सगळं गेलं. -११० भावाच्या तीन पैजा बांधल्या तर डॉलरला जवळपास ६.९६ डॉलर मिळतात. न्याय्य भाव आठ असतो. एकेरी पैजेत साडेचार टक्के असलेली अडत इथे तेरा टक्क्यांवर जाते, चार पैजांत सतरावर. २०१९मध्ये फॅनड्युएल या कंपनीनं अमेरिकेत एकाच सामन्यातल्या पैजांचं पार्ले आणलं: सेल्टिक्स जिंकतील, जेसन टेटम ३० गुण करेल, आणि अमुक जण आठ रिबाउंड घेईल. या घटना एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे न्याय्य भाव किती हे गिऱ्हाइकाला कागदावर काढताच येत नाही. -११० आणि -१०५ची तुलना करता येते. इथे तुलनेला दुसरी बाजूच छापलेली नसते. इलिनॉय राज्य पार्लेचे आकडे वेगळे प्रसिद्ध करतं, आणि त्यात कंपन्यांच्या हाती राहणारा वाटा एकेरी पैजांच्या दुपटीहून जास्त दिसतो. नेवाडात दशकानुदशकं शंभरातले पाचेक डॉलर दुकानात राहायचे. २०२४मध्ये देशभराचा आकडा नवाच्या वर गेला होता. अडत महाग झाली ती -११०ची -१२० करून नव्हे. अ‍ॅप उघडल्यावर पहिल्या पडद्यावर काय मांडायचं, एवढं बदललं.

खेळाडूच्या वैयक्तिक कामगिरीवरच्या या बारक्या पैजांना ‘प्रॉप’ म्हणतात, आणि दुकान निवडताना त्यांच्याकडे आणखी एका कारणासाठी पाहायला हवं. स्प्रेडनं जन्मल्यापासून एक विष सोबत आणलं आहे. आपला संघ जिंकूनही पैज हरवता येते. आठ गुणांनी जिंकणार असलेल्या संघातल्या खेळाडूला सामना घालवायला सांगावं लागत नाही. पाच गुणांनीच जिंक, एवढं पुरतं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजनं १९५०मध्ये एनआयटी आणि एनसीएए या कॉलेजांच्या दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. असं दुसऱ्या कोणत्याही संघाला जमलेलं नाही. पुढच्याच जानेवारीत मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉगनं आपल्याला हजार डॉलरची लाच देऊ केल्याचं सांगितलं, आणि फेब्रुवारीत सिटी कॉलेजचे खेळाडू फिलाडेल्फियाहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर पकडले गेले. चौकशीचं जाळं सात कॉलेजं आणि ३२ खेळाडूंपर्यंत पसरलं. केंटकीच्या राल्फ बियर्ड आणि अलेक्स ग्रोझा यांना एनबीएनं तहहयात बाहेर काढलं. १९७८-७९ला हेन्री हिल आणि त्याच्या टोळीनं बोस्टन कॉलेजचे सामने वाकवले. ‘गुडफेलाज’ पाहिलेल्यांना हा हिल ओळखीचा असेल. १९९४चं अ‍ॅरिझोना स्टेटचं प्रकरण वेगळ्या कारणानं उद्बोधक आहे. एका सामन्यावर संशयास्पद पैसा येतोय आणि स्प्रेड भराभर घसरतोय, हे लास वेगसच्या परवानाधारक बुकींच्याच लक्षात आलं. खेळाडू विकला गेला की आधी लुटला जातो तो बुकी, त्यामुळे त्याचे कान तिखट असतात. २००७मध्ये उघड झालं की एनबीएचा पंच टिम डोनागी स्वतः पंचगिरी करत असलेल्या सामन्यांवर पैसे लावत होता. त्याला पंधरा महिन्यांची कैद झाली.

प्रॉपनं हे विष सोपं केलं. आता संघ वाकवायची गरज उरली नाही, एका बदली खेळाडूचं पोट दुखलं की काम झालं. २० मार्च २०२४ रोजी टोरोंटो रॅप्टर्सचा जॉन्टे पोर्टर तीन मिनिटंही न खेळता आजारी असल्याचं सांगून बाहेर पडला. त्याची त्या दिवसाची कामगिरी ठरलेल्या आकड्यांहून कमीच राहील, यावर एकानं ८०,००० डॉलरचं पार्ले लावलं होतं. लागलं असतं तर ११ लाख मिळाले असते. दुकानानं ते गोठवलं. १७ एप्रिलला एनबीएनं पोर्टरला तहहयात बंदी घातली. पुढच्या हंगामापासून संघाच्या कडेला असलेल्या, तुटपुंज्या करारावरच्या खेळाडूंच्या ‘कमी’ बाजूच्या प्रॉप अमेरिकन कंपन्यांनी बंद केल्या. ओहायोसह काही राज्यांनी तर कॉलेज खेळाडूंवरच्या प्रॉपनाच याआधी मनाई केली होती. ज्या दुकानात अनोळखी बदली खेळाडूच्या रिबाउंडवरही पैज मिळते, त्या दुकानानं हा धोका टाळायची तसदी घेतलेली नाही, असा अर्थ मी काढतो.

परवान्याचा उपयोग नेमका इथे. तो असला म्हणून भाव चांगला मिळतो असं नाही. कधी उलटही होतं, कारण न्यूयॉर्क ऑनलाइन सट्ट्याच्या उत्पन्नावर ५१ टक्के कर घेतं आणि नेवाडा ६.७५, आणि इलिनॉयनं जुलै २०२५पासून प्रत्येक पैजेमागे सेंटांचा वेगळा कर लावला. परवान्यातून मिळतं ते एवढंच की वाद झाला तर दाद मागायला कोणीतरी असतं. कॅरिबियनमधल्या बेटावरून किंवा कोस्टा रिकातून चालणारं संकेतस्थळ भाव झकास देईल, जिंकलेले पैसे मागितले की ओळखपत्राचा नवा फोटो मागेल, मग विजेच्या बिलाची प्रत, मग आणखी काही. म्हणून अनुभवी माणूस खातं उघडल्यावर आधी लहानशी रक्कम काढून पाहतो, आणि नियमांच्या पानावर दोन ओळी शोधतो: सामना अर्धवट राहिला तर पैज कधी ग्राह्य धरणार, आणि ‘उघड चुकीचा’ भाव म्हणून पैज रद्द करायचा हक्क दुकानानं किती सैल शब्दांत राखून ठेवला आहे.

हे सगळं अमेरिकेचं झालं. पुण्यात किंवा पणजीत बसून पहाटे एनबीए पाहणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही, कारण ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ भारतात सरसकट बंद केले, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख, आणि बँकांना हे व्यवहार पुढे सरकवायला मनाई. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण भारतातून उघडणाऱ्या परदेशी अ‍ॅपनं पैसे दाबले तर तक्रारीलाही जागा नाही. अमेरिकेतल्या आकड्यावर मुंबईत पैसे लावण्याची हौस तशी जुनी. मटक्याचा जन्मच न्यूयॉर्क कॉटन एक्सचेंजच्या उघडत्या-मिटत्या कापूसभावांवर लागणाऱ्या पैजांतून झाला, आणि १९६१मध्ये ते भाव येणं थांबल्यावर चिठ्ठ्या मडक्यात गेल्या. ज्या वरळीचं नाव त्या मटक्याला चिकटलं, तिथेच ऑक्टोबर २०१९मध्ये एनएससीआय डोममध्ये सॅक्रमेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे भारतातले पहिले एनबीए सामने झाले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचेच.

अमेरिकेत मात्र दुकान निवडायचा प्रश्नच आता थोडा बाजूला पडू लागला आहे. जानेवारी २०२५पासून कॅल्शीसारखे ‘प्रेडिक्शन मार्केट’ क्रीडा निकालांवर करार विकतात. ते राज्यांचा सट्टा परवाना घेत नाहीत. वायद्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाच्या छत्राखाली आहोत असं म्हणतात, आणि त्यावरून राज्यांशी त्यांचे खटले चालू आहेत. इथे बुकी नाही, दोन गिऱ्हाइकं एकमेकांसमोर उभी राहतात आणि बाजार फक्त शुल्क घेतो. साहजिकच जिंकणाऱ्यावर मर्यादा घालायचं कोणाला कारण उरत नाही. अडचण इतकीच की समोरचं गिऱ्हाईक म्हणजे रविवारी संध्याकाळी सोफ्यावर पडून फोनवर बोट फिरवणारा दुसरा हौशी असेल, असं धरून चालता येत नाही. ऑप्शनच्या बाजारात १९८७पासून मुरलेली सुसक्वेहॅना ही कंपनी २०२४पासून कॅल्शीवर दोन्ही बाजूंचे भाव लावून बसली आहे.